सेल्मा ते माँटगोमेरी : ५४ मैलांच्या वाटेची राष्ट्रीय नोंद

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या उंच काठावर सेल्मा नावाचे एक छोटे शहर आहे. शहरातून राजधानी माँटगोमेरीकडे निघाले की पोलादी कमानीचा एक पूल ओलांडावा लागतो. सन १९४० मध्ये बांधून झालेल्या या पुलाच्या कमानीवर ‘एडमंड पेटस ब्रिज’ असे नाव ठळक अक्षरांत रंगविलेले आहे. एडमंड पेटस हे अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणी फौजेचे सेनानी. पुढे ते अलाबामाचे सिनेटर झाले आणि वर्णवर्चस्ववादी ‘कू क्लक्स क्लॅन’ या संघटनेच्या राज्यातील नेतृत्वातही त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्याच नावाच्या या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय नागरिकांना लाठ्यांनी झोडपण्यात आले. पुढे १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने याच पुलावरून जाणाऱ्या ५४ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरच्या रस्त्याला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग’ म्हणून मान्यता दिली.

किल्ला, राजवाडा किंवा मंदिर यांना वारशाचा दर्जा मिळणे नवीन नाही. येथे तो दर्जा मिळाला एका हमरस्त्याला. या रस्त्यावरून आजही मालमोटारी धावतात, दुतर्फा शेते आणि कुरणे आहेत. या वाटेचे महत्त्व ज्यांच्यामुळे आहे ती माणसे शिक्षक, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि शाळकरी मुले होती. त्यांच्या चालण्याची सरकारदरबारी नोंद कशी झाली, त्या नोंदीने काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेण्यासाठी प्रथम ते चालले कशासाठी, हे पाहणे आवश्यक आहे.

कागदावरचा हक्क

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्येच वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी या तरतुदीला बगल देण्याचे अनेक मार्ग शोधून काढले. अलाबामाने १९०१ मध्ये स्वीकारलेल्या राज्यघटनेचा एक उघड हेतूच कृष्णवर्णीयांना मतदार यादीबाहेर ठेवण्याचा होता. मतदान-कर, साक्षरता चाचणी, घटनेतील कलमांवर विचारले जाणारे अवघड प्रश्न, आधीच नोंदणी झालेल्या मतदाराने अर्जदारासाठी द्यावयाची हमी, असे एकामागून एक अडथळे उभे करण्यात आले. अर्ज नाकारण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेला असे.

सेल्मा हे डॅलस काउंटीचे मुख्य ठिकाण. साठच्या दशकाच्या प्रारंभी या काउंटीत मतदानास पात्र असे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते. मतदार यादीत मात्र जेमतेम ३०० जणांची नावे होती. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडत असे. रांगेत उभे राहिलेल्याचे नाव मालकाच्या कानावर गेले की नोकरी जाण्याची भीती असे. शेजारच्या लाउन्ड्स काउंटीतील परिस्थिती याहून बिकट होती. तेथील सुमारे ८० टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीयांची असूनही १९६५ च्या प्रारंभी त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते.

सेल्मातील लढा बाहेरून आलेल्या नेत्यांनी सुरू केला, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. ‘डॅलस काउंटी व्होटर्स लीग’ ही स्थानिक संघटना दीर्घकाळ काम करीत होती. अमेलिया बॉयन्टन यांच्यासारख्या कार्यकर्त्या लोकांना नोंदणीचे अर्ज भरण्यास शिकवीत होत्या. १९६३ मध्ये बर्नार्ड लाफायेट हे विद्यार्थी चळवळीतील तरुण कार्यकर्ते त्यांच्या मदतीस आले. जुलै १९६४ मध्ये स्थानिक न्यायाधीशाने नागरी हक्क संघटना आणि नेते यांच्या, तीन किंवा अधिक माणसांच्या सभा-बैठकांना बंदी घातली. ती झुगारूनच मार्टिन ल्यूथर किंग यांनी २ जानेवारी १९६५ रोजी ब्राऊन चॅपेल या प्रार्थनामंदिरात भाषण केले आणि सेल्माच्या लढ्याला देशव्यापी रूप आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस शंभराहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक रांगेने न्यायालयाच्या इमारतीकडे चालत गेले. ज्यांची नोकरी शासनाच्या हाती, असा वर्ग उघडपणे रस्त्यावर उतरल्याने मुलांनाही धीर आला.

पुलावरचा रविवार

सेल्मापासून काही अंतरावरील मॅरियन या गावी १८ फेब्रुवारी १९६५ रोजी रात्री निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. त्या वेळी आई आणि वृद्ध आजोबांना वाचविण्यासाठी धावलेल्या जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणावर राज्य पोलिसांतील एका जवानाने गोळी झाडली. आठ दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. या मृत्यूची दाद थेट राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांच्या दारात मागावी, या विचारातून माँटगोमेरीपर्यंत चालत जाण्याची कल्पना पुढे आली. गोळी झाडणाऱ्या जवानाने न्यायालयात गुन्हा कबूल केला तो तब्बल ४५ वर्षांनी, २०१० मध्ये.

रविवार, ७ मार्च रोजी सुमारे ६०० स्त्री-पुरुष ब्राऊन चॅपेलपासून दोघादोघांच्या रांगेने निघाले. अग्रभागी जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स होते. पूल मध्यभागी उंच असल्याने चढण संपेपर्यंत पलीकडचे काही दिसत नाही. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांना खाली रस्ता अडवून उभे असलेले राज्य पोलीस आणि शेरीफ जिम क्लार्क यांचे घोडेस्वार दिसले. परत फिरण्यासाठी दोन मिनिटांची मुदत देण्यात आली. परंतु ती संपण्यापूर्वीच पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन जमावावर तुटून पडले. लुईस यांच्या कवटीला तडा गेला. अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध पडल्या. त्यांचे ते छायाचित्र जगभर पोहोचले. त्याच रात्री एका दूरचित्रवाहिनीने नाझी गुन्हेगारांवरील खटल्याचा चित्रपट मध्येच थांबवून सेल्माची दृश्ये दाखविली. कोट्यवधी प्रेक्षकांनी ती पाहिली. ‘रक्तरंजित रविवार’ हे त्या दिवसाचे नाव तेव्हापासून रूढ झाले.

दोन दिवसांनी, ९ मार्चला, किंग यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन हजार लोक पुन्हा पुलावर गेले. न्यायालयाचा मनाई आदेश असल्याने त्यांनी तेथे गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ते परतले. त्या रात्री बोस्टनहून पाठिंबा देण्यासाठी आलेले गौरवर्णीय धर्मोपदेशक जेम्स रीब यांना सेल्माच्या रस्त्यावर मारहाण झाली. ११ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. १५ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसच्या संयुक्त सभेपुढे मताधिकाराचा कायदा करण्याची घोषणा केली. १७ मार्चला संघीय न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली. अन्याय जितका मोठा, तितकाच त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही व्यापक असला पाहिजे, असे सूत्र त्यांनी निकालात मांडले. न्यायमूर्ती जॉन्सन हे स्वतः अलाबामाचेच होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

पाच दिवसांची वाट

अखेर २१ मार्च १९६५ रोजी तीन हजारांहून अधिक लोक सेल्माहून निघाले. या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संघराज्य सरकारने पाठविलेले लष्कर आणि नॅशनल गार्डचे जवान होते. लाउन्ड्स काउंटीत हमरस्ता अरुंद, दोन पदरी होता. त्या टप्प्यात एका वेळी ३०० पेक्षा जास्त लोकांनी चालू नये, अशी न्यायालयाची अट होती. पावसाचा मारा, चिखल आणि कडेला उभ्या असलेल्यांच्या शिव्या सहन करीत ही ३०० माणसे पुढे गेली.

मुक्कामासाठी जागा देणाऱ्यांचे धैर्यही चालणाऱ्यांहून कमी नव्हते. पहिल्या तीन रात्रींचे तंबू डेव्हिड हॉल, रोझी स्टील आणि रॉबर्ट गार्डनर या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या जमिनीवर पडले. पदयात्री दुसऱ्या दिवशी पुढे जाणार होते; या कुटुंबांना मात्र तेथेच राहायचे होते. चौथा मुक्काम माँटगोमेरीच्या वेशीवर ‘सिटी ऑफ सेंट ज्यूड’ या कॅथलिक संस्थेच्या आवारात झाला. तेथे रात्री देशातील नामवंत गायक-कलावंतांनी कार्यक्रम सादर केले.

२५ मार्च रोजी सुमारे २५ हजारांचा समुदाय राज्याच्या विधानभवनापुढे जमला. याच इमारतीत १८६१ मध्ये जेफर्सन डेव्हिस यांनी दक्षिणेच्या फुटीर राज्यसंघाच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च आहे. तेथे किंग १९५४ ते १९६० या काळात धर्मोपदेशक होते. राज्यपाल वॉलेस यांनी त्या दिवशी निवेदन स्वीकारले नाही. रात्री पदयात्रींना मोटारीने सेल्मास परत पोहोचविण्याचे काम करणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉईटहून आलेल्या गौरवर्णीय गृहिणीची ‘क्लॅन’च्या लोकांनी लाउन्ड्स काउंटीत हमरस्त्यावरच गोळ्या घालून हत्या केली.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. साक्षरता चाचण्या स्थगित झाल्या. ज्या भागांत मताधिकार नाकारण्याचा इतिहास होता, तेथे संघीय अधिकारी नोंदणीसाठी पाठविण्यात आले. तेथील निवडणूकविषयक नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे बंधनकारक झाले. परिणाम लवकरच दिसू लागले. १९६६ मध्ये शेरीफ क्लार्क यांना मतदारांनी घरी बसविले.

मान्यता म्हणजे काय?

‘राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग’ हा अमेरिकेत कायद्याने ठरविलेला दर्जा आहे. १९६८ च्या राष्ट्रीय मार्ग कायद्यात प्रारंभी निसर्गरम्य पायवाटांचा विचार होता. १९७८ मध्ये त्यात ऐतिहासिक मार्गांचा प्रकार जोडला गेला. हा दर्जा काँग्रेसच्या कायद्यानेच मिळतो. त्यासाठी तो मार्ग प्रत्यक्ष वापरामुळे इतिहासात प्रसिद्ध झालेला असावा, त्याचे महत्त्व साऱ्या राष्ट्राच्या पातळीवरचे असावे आणि लोकांना त्याचा लाभ घेता यावा, अशा कसोट्या आहेत. पहिल्या तुकडीत समाविष्ट झालेले मार्ग पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतवाल्यांचे आणि शोधमोहिमांचे होते. ओरेगन मार्ग त्यांपैकीच एक. त्याची लांबी दोन हजार मैलांहून अधिक आहे.

सेल्माच्या रस्त्यासाठी पुढाकार घेतला तो जॉन लुईस यांनीच. पुलावर ज्यांची कवटी फुटली, तेच लुईस १९८७ पासून जॉर्जिया राज्यातून काँग्रेसचे सदस्य होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये या मार्गाचा अभ्यास करण्याचा कायदा झाला. राष्ट्रीय उद्यान सेवेने पाहणी करून अहवाल दिला आणि १२ नोव्हेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने मान्यतेवर शिक्कामोर्तब झाले. एरवी एखाद्या वास्तूची राष्ट्रीय नोंदवहीत दखल घेण्यासाठी साधारण ५० वर्षांचा काळ लोटावा लागतो. येथे घटनेला अवघी ३१ वर्षे झाली होती आणि तिचे शेकडो साक्षीदार हयात होते.

हा दर्जा मिळाला म्हणून रस्त्याकडेची खासगी जमीन सरकारची होत नाही आणि रस्त्यावरची वाहतूकही थांबत नाही. मार्गावर एकसारखे दिशाफलक लागतात. माहिती केंद्रे उभारली जातात. साक्षीदारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, छायाचित्रे व कागदपत्रे जमा करणे, शाळांसाठी माहिती तयार करणे ही कामे राष्ट्रीय उद्यान सेवेकडे येतात. या मार्गावर लाउन्ड्स काउंटीतील केंद्र २००६ मध्ये आणि सेल्मा येथील पुलाजवळचे केंद्र २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर माँटगोमेरीत अलाबामा राज्य विद्यापीठाच्या आवारात तिसरे केंद्र उभे राहिले. ब्राऊन चॅपेलला १९९७ मध्ये आणि पेटस पुलाला २०१३ मध्ये ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारका’चा स्वतंत्र दर्जा मिळाला.

तंबूंची वस्ती आणि पँथर

या मार्गाचे खरे वेगळेपण त्याच्या मधल्या भागात आहे. सेल्मा आणि माँटगोमेरी ही दोन टोके सर्वांना ठाऊक असतात. परंतु मार्गाचा मोठा हिस्सा लाउन्ड्स काउंटीतून जातो आणि पदयात्रा पुढे निघून गेल्यावर तेथे जे घडले, ते अधिक कठीण होते. मतदार म्हणून नोंदणी केलेल्या, अर्धेलीने शेती कसणाऱ्या अनेक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. डिसेंबर १९६५ पासून त्यांनी हमरस्त्यालगत तंबू ठोकून आसरा घेतला. रात्री-अपरात्री त्या तंबूंवर गोळीबार होत असे. तरीही सुमारे दोन वर्षे ही वस्ती टिकली. आजचे माहिती केंद्र या ‘टेन्ट सिटी’च्या जागीच आहे. मार्गाला मान्यता मिळाली नसती, तर या कुटुंबांची कहाणी लाउन्ड्सच्या बाहेर किती लोकांना कळली असती, हा प्रश्नच आहे.

याच काउंटीत स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने स्थानिकांनी ‘लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ हा स्वतंत्र पक्ष उभा केला. निरक्षर मतदारांच्या सोयीसाठी मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह असणे अलाबामात आवश्यक होते. निवडणूक चिन्हांचे महत्त्व भारतीय मतदाराला वेगळे सांगण्याची गरज नाही. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा हे होते आणि त्यासोबत गौरवर्णीयांच्या वर्चस्वाची घोषणा अनेक वर्षे छापली जात असे. त्याला उत्तर म्हणून लाउन्ड्समधील लोकांनी झेप घेणारा काळा पँथर हे चिन्ह निवडले. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार पराभूत झाले. परंतु १९७० मध्ये याच पक्षाचे एक संस्थापक जॉन ह्यूलेट हे काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

ते चिन्ह मात्र फार दूर गेले. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन केली, तेव्हा त्यांनी लाउन्ड्समधील हाच पँथर स्वीकारला. त्या संघटनेच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. अलाबामातील निरक्षर शेतमजुरांना मतपत्रिकेवर ओळखता यावे म्हणून काढलेले एक चित्र सहा-सात वर्षांत मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांपर्यंत नाव होऊन पोहोचले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा या रस्त्यावर सापडतो, तो असा.

मानाचा शिक्का आणि दात गेलेला कायदा

स्मृतीला मान मिळाला म्हणून ती स्मृती ज्या हक्काची आहे तो हक्क सुरक्षित राहतोच असे नाही. याचे ठळक उदाहरण २०१३ या वर्षाने दिले. त्या वर्षाच्या प्रारंभी पेटस पुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. त्यानंतर काही महिन्यांनी, २५ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मताधिकार कायद्यातील एक महत्त्वाचे कलम रद्द केले. कोणत्या राज्यांनी केंद्राची पूर्वसंमती घ्यावी, हे ठरविणारे सूत्र कालबाह्य झाले आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सूत्रच गेल्याने पूर्वसंमतीची तरतूद पुस्तकात राहिली; व्यवहारात ती निष्प्रभ झाली. हा दावा दाखल करणारी शेल्बी काउंटी अलाबामातीलच होती.

त्याचे पडसाद लवकरच उमटले. मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे करण्याचा अलाबामाचा २०११ चा कायदा २०१४ पासून अमलात आला. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने खर्चकपातीचे कारण देऊन वाहन परवाना देणारी ३१ कार्यालये बंद करण्याची घोषणा केली. वाहन परवाना हेच बहुतेकांचे ओळखपत्र आणि बंद होणारी अनेक कार्यालये कृष्णवर्णीयबहुल भागांतील होती. टीका झाल्यावर ती महिन्यातून एक दिवस उघडण्याचे ठरले. १९६५ मध्ये नोंदणी कार्यालय महिन्यातून दोन दिवस उघडत असे, याची आठवण अनेकांना झाली. संघीय परिवहन खात्याच्या चौकशीनंतर २०१६ च्या अखेरीस राज्याला या वेळा वाढवाव्या लागल्या. लुईस यांच्या नावाने मांडलेले कायदा पुनरुज्जीवित करणारे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात संमत झाले. सिनेटमध्ये ते अडले.

मार्गावरील वास्तूंची स्थितीही दर्जामुळे आपोआप सुधारली नाही. ब्राऊन चॅपेलला वाळवीने पोखरल्यामुळे २०२२ मध्ये देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचे नाव आले. १२ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या चक्रीवादळाने सेल्मातील अनेक घरे जमीनदोस्त केली. १९६० मध्ये २८ हजारांवर असलेली शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १८ हजारांच्या खाली आली आहे. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूल ओलांडण्याच्या सोहळ्यासाठी देशभरातून लोक येतात. २०१५ मध्ये पन्नासाव्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हे दोघेही आले होते. सोहळा संपला की पाहुणे परततात आणि ओस पडलेली दुकाने सेल्मावासीयांच्या वाट्याला येतात. लिउझो यांच्या स्मृतिशिळेची विटंबना झाल्यानंतर तिच्याभोवती कुंपण घालावे लागले, हीदेखील या मार्गाच्या इतिहासाचीच नोंद आहे.

पुलाच्या नावाचा वादही असाच अनिर्णित आहे. १७ जुलै २०२० रोजी जॉन लुईस यांचे निधन झाले आणि २६ जुलै रोजी त्यांची शवपेटिका घोड्यांच्या गाडीतून याच पुलावरून अखेरची नेण्यात आली. त्या सुमारास पुलाला लुईस यांचे नाव द्यावे, अशी मागणी जोर धरू लागली. मात्र जुन्या स्मारकांची नावे बदलण्यावर अलाबामात २०१७ च्या कायद्याने निर्बंध आहेत. शिवाय सेल्मातील काही जुन्या आंदोलकांचाही नामांतराला विरोध आहे. पेटस यांच्या नावाला जो अर्थ होता तो १९६५ मध्ये पायांनी पुसला गेला आणि आज त्या नावाने जगाला आमचा लढाच आठवतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

एका वाटेपासून जाळ्यापर्यंत

सेल्माच्या मार्गानंतर नागरी हक्क चळवळीच्या इतर स्थळांकडेही लक्ष गेले. अलाबामातीलच बर्मिंगहॅम शहराने १९६३ च्या मोर्चांच्या वाटांवर छायाचित्रे आणि माहितीचे फलक लावून स्वतःचा वारसामार्ग आखला. १२ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या घोषणेने तेथील परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या पर्यटन विभागांनी एकत्र येऊन शंभराहून अधिक स्थळे जोडणारा ‘यू. एस. सिव्हिल राइट्स ट्रेल’ सुरू केला. या तिन्ही मान्यता एकसारख्या नाहीत. शहराचा फलक नगरपालिकेच्या इच्छेवर असतो, पर्यटन विभागाचा मार्ग प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी असतो, तर राष्ट्रीय दर्जामागे कायदा आणि सांभाळणारी यंत्रणा असते. तरीही प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी बहुधा स्थानिक रहिवाशांची असते. कोणत्या कोपऱ्यावर काय घडले, कोणत्या घरात मुक्काम झाला, हे सरकारी दप्तराला ठाऊक नसते. ते गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ती माणसे हयात असताना नोंद झाली तर मार्ग बोलका होतो.

या लढ्याच्या स्मृतीने काही दारे उघडली, हेही नाकारता येत नाही. १९९५ मध्ये, पदयात्रेच्या तिसाव्या स्मृतिदिनी, व्हीलचेअरवर बसलेले जॉर्ज वॉलेस सेंट ज्यूडच्या आवारात येऊन जुन्या पदयात्रींना भेटले. २००० मध्ये सेल्माच्या मतदारांनी १९६५ च्या लढ्याच्या वेळी महापौर असलेल्या जो स्मिदरमन यांचा पराभव करून जेम्स पर्किन्स यांना शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर केले. २०१६ मध्ये पदयात्रेतील सामान्य सहभागी नागरिकांना काँग्रेसच्या सुवर्णपदकाने गौरविण्यात आले.

महाडच्या चवदार तळ्यापर्यंत १९२७ च्या मार्चमध्ये जे चालत गेले, त्यांच्या पावलांची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सेल्माची ही वाट परकी वाटणार नाही. पाणी असो वा मत, कायद्याने दिलेला हक्क घेण्यासाठी माणसांना चालावे लागले. अशा वाटेवर शासनाने फलक लावणे आवश्यकच आहे, कारण फलक नसला तर दोन पिढ्यांत ती वाट साधा रस्ता होऊन जाते. परंतु २०१३ चे वर्ष सांगते की फलक लावणारे सरकार आणि हक्काला जपणारी व्यवस्था या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पेटस पुलाचा चढ आजही तसाच आहे. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय उभे आहे, ते दिसत नाही.